गोव्यात गाडी काढायच्या आधी भरती-ओहोटी बघा

गोव्यात गाडी घेऊन येणाऱ्या आमच्या पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कुठला घाट चालू आहे, रस्ता कसा आहे, मोपाच्या फाट्यावर गोंधळ होतो का, आणि मासे कुठे चांगले मिळतात. भरती कधी आहे हे कुणी विचारत नाही. आणि मी डिचोलीची, इथेच वाढले, इथेच लग्न झालं, तर मी सांगते की गोव्यात रस्त्यावर होणाऱ्या निम्म्या फजित्या पाण्याची वेळ माहीत नसल्यामुळे होतात. इथे रस्ता चालता चालता नदीत संपतो आणि पलीकडच्या काठावर परत सुरू होतो, मधलं काम फेरीबोट करते. पावसात घाट ढगात जातो. किनारा सकाळी एवढा रुंद दिसतो की क्रिकेटच्या दोन मॅच एकाच वेळी व्हाव्यात, आणि दुपारी बघावं तर सुरूच्या झाडांपर्यंत पाणी. हे सगळं आमच्या घरात आणि पाहुण्यांत एवढ्या वेळा घडलंय आणि एवढं हसून झालंय की म्हटलं एकदा लिहून काढू, पुढच्या पाहुण्यांना लिंक पाठवली की काम झालं.

सगळ्यात आधी मावसभावाच्या गाडीचा किस्सा, कारण तो आमच्याकडे प्रत्येक लग्नात कुणीतरी सांगतंच.

मावसभाऊ कोल्हापूरचा, पण वहिनीचं माहेर साखळीचं, त्यामुळे दत्तजयंतीला साखळीच्या दत्त मंदिरात उत्सवाला ते येतातच. त्या वर्षी नवी गाडी घेतली होती, घरातली पहिली. उत्सव झाला, रात्री सगळे आमच्याकडे झोपले, आणि पहाटे मुलांनी समुद्र समुद्र करून उठवलं. दोन गाड्या काढल्या आणि पेडणे तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर गेलो. आमची गाडी सुरूच्या बनात लावली. भाऊ मागून आला आणि होडीवाल्यांचा टेम्पो जातो त्या वाटेने सरळ खाली, वाळूत. मी हाक मारली, ह्यांनी हात केला, पण काचा बंद आणि आत गाणी लावलेली. पौर्णिमेचा दुसरा दिवस, पूर्ण ओहोटी. समुद्र लांब गेला होता आणि ओली वाळू एवढी घट्ट होती की चालताना पावलाचा ठसासुद्धा धड उमटत नव्हता. गाडी मस्त गेली. मागे लाटा, पुढे गाडी, बॉनेटवर धाकटा, असे सगळे फोटो झाले. आणि परत वर येताना जिथे कोरडी वाळू सुरू होते तिथे पुढची दोन्ही चाकं बसली.

कोरड्या वाळूचं कसं असतं, तिच्यात धरून ठेवायला पाणी नसतं, कण सुटे असतात, चाक जागच्या जागी फिरायला लागलं की ते स्वतःचाच खड्डा खणतं. भावाने एक्सलेटर दाबला, वाळू कारंज्यासारखी उडाली, सगळी मागे उभ्या असलेल्या वहिनीच्या अंगावर, आणि गाडी बंपरपर्यंत खाली. तेव्हा सात वाजून गेले होते आणि पाणी फिरलं होतं.

शेजारी रापण चालू होती. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते, होडीतून मोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर असतात आणि दोन्ही बाजूंना माणसं रांगेने उभी राहून ते ओढत मागे मागे येतात, सगळ्यात मागचा माणूस दोर सोडून धावत पुढे पाण्यापाशी जातो आणि परत धरतो. भाऊ धावत त्यांच्याकडे गेला, काका जरा गाडीला हात लावा ना. त्यांच्यातला म्हातारा तांडेल, म्हणजे म्होरक्या, आला, चाक बघितलं, मग समुद्राकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाला, "आदीं जाळें, मागीर गाडी."

आणि त्याचं खरंच होतं. जाळं अर्ध्यावर सोडलं तर मासे गेले, जाळं प्रवाहाबरोबर वाहवत गेलं, एवढ्या सगळ्या माणसांची सकाळ फुकट. त्याने दोराकडे बोट दाखवलं, म्हणजे तुम्ही पण ओढा, जाळं लवकर आलं तर आम्ही लवकर मोकळे. मग काय, भावाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, वहिनीने पदर खोचला, हे, मी, मुलं, सगळे दोरावर. मुलांना तर ते शेवटून सुटून पुढे धावायचं एवढं आवडलं की ती गाडी विसरली. भाऊ मात्र एक डोळा दोरावर आणि एक गाडीवर. त्याने मागच्या चाकाजवळ एक काठी रोवून ठेवली होती पाणी कुठवर आलं बघायला, आणि दर दोन मिनिटांनी मान वळवून बघायचा आणि तांडेल ओरडायचा, "ओड रे, फुडें पळय!", म्हणजे ओढ रे, पुढे बघ. आणि दोराला खरंच जड लागतं हो, हाताची साल निघते. खोबरेल लावत बसलो होतो रात्री सगळे.

जाळं आलं. तारले, थोडे बांगडे, चार खेकडे. ते टोपल्यांत भरून झाल्यावरच मंडळी गाडीकडे वळली, आणि मग त्यांनी जे केलं ते मी नीट बघून ठेवलंय कारण ते कुणालाही कुठेही उपयोगी पडेल. पहिलं म्हणजे भावाला इंजिन बंद करायला लावलं. मग एका पोराने आगपेटीची काडी घेऊन चारी टायरची हवा सोडली, पूर्ण नाही, टायर खाली पसरून पोट सुटल्यागत दिसेपर्यंत. टायर पसरला की वाळूवर टेकणारा भाग मोठा होतो आणि तो रुतत नाही. मग पुढच्या चाकांसमोरची वाळू हातांनी उकरून उतार केला, त्यात नारळाच्या झावळ्या घातल्या आणि वर गाडीतले रबरी मॅट. मग दोर. भाऊ बंपरला बांधायला गेला तर तांडेलाने हात धरला, बंपर हातात येईल म्हणाला. नव्या गाड्यांच्या बंपरवर एक छोटं झाकण असतं बघा, ते नखाने काढलं की आत आटे असतात, आणि त्यात फिरवून बसवायचा लोखंडी हूक डिकीत स्टेपनीच्या खाली जॅकबरोबर ठेवलेला असतो. भावाचा हूक प्लॅस्टिकच्या पिशवीत तसाच होता, शोरूममधून आलेला. तो बसवला, होडीचा दोर बांधला, स्टिअरिंग सरळ, दुसरा गिअर, एक्सलेटरला फक्त पाय टेकवायचा, आणि बाकी सगळे दोरावर. जाळं ओढायचा जो ठेका असतो तोच ठेका. तिसऱ्या हाकेला गाडी वर. काठीपाशी तेव्हा पाणी आलं होतं.

आता खरी गंमत. रापणीत जो दोर ओढतो त्याला वाटा मिळतो, ही पद्धतच आहे. तांडेलाने भावाच्या मुलाची ती लाल प्लॅस्टिकची बादली घेतली आणि तारल्यांनी गच्च भरून भावाच्या हातात दिली, तुझो वांटो. आणि आमचा भाऊ माळकरी! गळ्यात तुळशीची माळ, अंड्याच्या केकला सुद्धा हात न लावणारा माणूस, दत्तजयंतीचा प्रसाद घेऊन चोवीस तास झाले नव्हते, आणि हातात ताज्या माशांची बादली. पण त्याने नाही म्हटलं नाही. दोन्ही हातांनी घेतली, वाकून नमस्कार केला, आणि डिचोलीपर्यंत ती बादली त्याच्याच गाडीत पायाशी घट्ट धरून वहिनी बसली होती. सासूबाईंना एवढा आनंद झाला की विचारू नका. त्या अजून विचारतात, तो कधी येणार परत.

हसायचं ते हसलो पण मनापासून सांगते, किनाऱ्यावर गाडी उतरवू नका. गोव्यात ते बेकायदा आहे, पोलीस गुन्हा नोंदवतात, दर सुटीत चार-दोन गाड्या पाण्यात अडकल्याचे व्हिडिओ येतातच. आणि माझं मुख्य म्हणणं कायद्याचं नाहीच. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग ह्या किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. वनखात्याची माणसं सापडतील तेवढ्या घरट्यांना कुंपण घालतात, पण वाळूखाली हातभर खोल असलेलं घरटं वरून दिसत नाही, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात ती एवढीशी, तळहातावर मावणारी, त्यांना चाकाने पडलेला चर सुद्धा ओलांडता येत नाही. फोटो काय, सुरूच्या बनातून पण चांगला येतो.

तांडेलाने जाता जाता भावाला तिथीचं गणित शिकवलं, ते आमच्या कोकणपट्टीत सगळ्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल ती भरतीची वेळ. म्हणजे पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, पावणेचारच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहा तास पुढे-मागे गेलात की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतं, किनाऱ्या-किनाऱ्यात फरक असतो, पण भिंतीवरच्या कालनिर्णयावरून अंदाज यायला पुरेसं आहे, नेट नको काही नको. रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे ओहोटीला पाणी जास्त लांब जातं आणि भरतीला जास्त वर येतं, त्यामुळे सगळ्यात फसवा किनारा त्याच दिवसांत असतो. आणि पाणी फिरल्यावर पहिला तास ते हळूच वाढतं म्हणून माणूस निवांत राहतो, मधल्या दोन तासांत मात्र झपाट्याने चढतं.

हेच गणित फेरीबोटीला लागतं. बाहेरून येणाऱ्यांना वाटतं फेरी म्हणजे पर्यटनाची गोष्ट, आम्हाला तो रस्ता आहे. रायबंदरहून चोडण, जुन्या गोव्याहून दिवाडी, पणजीहून बेती. भाडं पडलंच तर किरकोळ. पण केरीहून तेरेखोलला जाणारी फेरी नदीच्या अगदी मुखाशी आहे, तिथे वाळू साचलेली, आणि ओहोटीला पाणी कमी झालं की ती थांबते. हे ज्यांना माहीत नसतं ते पलीकडे तेरेखोलचा किल्ला बघायला जातात आणि तिकडेच बसतात. रस्त्याने यायचं म्हटलं तर रेडी, आरोंदा, मग किरणपाणीचा पूल, म्हणजे गोव्यातून गोव्यात यायला महाराष्ट्र फिरून यायचं.

एकदा सासूबाई आणि त्यांची सावंतवाडीची बहीण, आमच्या मावशी, ह्यांना घेऊन आम्ही किल्ल्यावरून परत येत होतो. फेरीवाल्याने आधीच सांगितलं होतं की पाणी उतरतंय, ही शेवटची, बसायचं तर बसा. आमच्याबरोबर एक बँडवाल्यांची पार्टी होती, ढोल, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, लाल कोट घातलेले, पलीकडे केरीला वरात होती. नदीच्या मध्यावर खालून खर्रर्र आवाज आला आणि बोट थांबली. पुढे नाही, मागे नाही. काठ समोर दिसतोय, माणसांचे चेहरे ओळखू येतायत, धक्क्यावर फेटे बांधलेली वऱ्हाडी मंडळी उभी आहेत आणि हातवारे करतायत, आणि आम्ही मधे. बँडमास्तर अस्वस्थ, कारण वरातीची वेळ टळत होती. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ओरडलं, वाजवा तिथूनच! आणि त्यांनी वाजवलं. अहो, पाण्यावरून आवाज असा स्वच्छ जातो की पलीकडच्या धक्क्यावर लोक नाचायला लागले. नवरा मुलगा गाडीतून उतरला आणि तोही नाचला. मधे नदी, अलीकडे बँड, पलीकडे वरात. मावशींनी क्लॅरिनेटवाल्याला एका अभंगाची फर्माईश केली, त्याने ती पण वाजवली, आणि धक्क्यावरचे लोक अभंगावर पण नाचले. पाणी चढून बोट सुटेपर्यंत वरात निम्मी झाली होती. मावशी म्हणाल्या, एवढं सुंदर लग्न मी बघितलं नाही, आणि ते कुणाचं होतं हेही आम्हाला माहीत नाही.

ओहोटीला अजून एक होतं, धक्क्याचा उतार उघडा पडतो. खालच्या भागावर शेवाळ असतं, आणि बोटीची फळी तिरकी लागते, त्यामुळे खाली बसणाऱ्या गाड्यांचा बंपर घासतो. माणसं आधी उतरवून गाडी रिकामी चढवायची. चढवली की हँडब्रेक आणि गिअर दोन्ही, इंजिन बंद. आणि फेरीवाला जिथे लाव म्हणेल तिथेच लावायची, तो वजन वाटून घेत असतो.

केरी म्हटल्यावर आठवलं. गोव्यात केऱ्या तीन आहेत. एक ही पेडण्याची, समुद्राची. एक सत्तरीची, चोर्ला घाट उतरल्यावर पायथ्याशी. आणि एक फोंड्याची, विजयादुर्गेच्या देवळाची. आमच्या नणंदेचे बेळगावचे शेजारी केरीच्या बीचवर जायचं म्हणून निघाले, कंकुंबीच्या पुढे रेंज गेली, घाट उतरले आणि समोर पाटी, केरी. लगेच गाडी कडेला. वडील, आई, आजी आणि तीन मुलं, मुलांनी गाडीतच कपडे बदलून घेतले, कमरेला बदकाचं तोंड असलेल्या हवेच्या ट्यूब, आणि उतरून दुकानात विचारलं, काकू, समुद्र कुठल्या बाजूला? काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. त्या बाजूला अंजुणे धरण आहे, म्हणाल्या, समुद्राला अजून दीड-दोन तास लागतील बाबा. आणि मग त्यांनी त्या बदकवाल्या मुलांना बसवून सोलकढी दिली. पुढे ते लोक त्या दिवशी समुद्रावर गेलेच नाहीत, काकूंनी सांगितलेल्या ओहोळात दिवसभर डुंबले आणि संध्याकाळी परत गेले, आणि आता दर उन्हाळ्यात तिथेच येतात.

फोंड्याचं पण तेच. आमचा फोंडा आणि सिंधुदुर्गातला फोंडाघाट ह्यात कोल्हापूरची माणसं हमखास चुकतात. पाटीवर इंग्रजीत आमची साखळी ‘सांकेलिम’ दिसते, डिचोली ‘बिचोलिम’ दिसते. पत्ता देताना मी नेहमी तालुका सांगते आणि जवळचं देऊळ सांगते.

पावसाळ्याचं मात्र नीट सांगायला हवं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, आणि घाटमाथ्यावर त्याहून कितीतरी जास्त, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. चोर्ल्याच्या माथ्यावर जुलैत धुकं येतं ते असं की बॉनेट संपलं की जग संपलं.

बेळगावला नणंदेकडे कार्यक्रम होता, तिथून निघायला उशीर झाला. जांबोटीच्या पुढे धुकं लागलं. हे गाडी चालवत होते आणि पुढे एक बस होती, तिचे मागचे दोन लाल दिवे. आम्ही म्हटलं बरं झालं, रोजचा ड्रायव्हर आहे, वळणं त्याच्या अंगात असतील, ह्याच्या मागे मागे जाऊ. आमच्या मागे एक भाजीचा टेम्पो लागला, त्याच्या मागे कुणाची जीप, मग अजून दिवे दिसत होते. सगळे त्या दोन लाल दिव्यांच्या भरवशावर, एकदम शिस्तीत. बस डावीकडे वळली, आम्ही वळलो. रस्ता अरुंद झाला, म्हटलं घाटाचं काम चालू असेल. मग फांद्या काचेला लागायला लागल्या. मग बस थांबली, आम्ही थांबलो, मागचे थांबले. इंजिन बंद झालं. आणि बसचा दरवाजा उघडून ड्रायव्हर उतरला, एका हातात डबा, खांद्यावर घोंगडी, आणि त्याने मागे बघितलं तर ओळीने सहा-सात गाड्या. तो थोडा वेळ बघतच राहिला. मग म्हणाला, "तुम्ही सगळी कुणाकडं आलाय?"

वस्तीची बस होती! घाटमाथ्यावरच्या गावात रात्री मुक्कामाला जाणारी, सकाळी तिथूनच सुटणारी. आम्ही सगळे त्या गावच्या देवळाच्या अंगणात. आणि योगायोग असा की देवळाशेजारच्या घरी बारसं झालं होतं, त्या लोकांना वाटलं उशिरा पोचलेले पाहुणे आले, आतून आजी बाहेर आल्या, या या, एवढा उशीर का केला, आणि आम्ही काही बोलायच्या आत टेम्पोवाल्याच्या हातात घुगऱ्यांची वाटी. खरं काय ते कळल्यावर तर त्यांनी अजूनच आग्रह केला. गवती चहा झाला. बाळाला बघून झालं. जीपवाल्या माणसाने खिशातली नोट काढून बाळाच्या मुठीत ठेवली, मग सगळ्यांनीच ठेवली. दहाच्या पुढे धुकं जरा वर उचललं, मग त्या बसड्रायव्हरने, दिवसभर गाडी चालवून दमलेल्या माणसाने, स्वतः बॅटरी घेऊन एकेक गाडी रिव्हर्स काढून दिली, मुख्य रस्त्यापर्यंत, आणि आमच्या काचेवर टकटक करून म्हणाला, ताई, पुढच्या वेळी बसचा बोर्ड वाचून मग मागं लागा.

त्याने आणखी सांगितलेलं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. धुक्यात फुल लाइट लावायचा नाही, तो धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो, डिपर ठेवायचा. चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावायचे नाहीत, मागच्याला आपण वळतोय की उभे आहोत ते कळत नाही. काच आतून धूसर होते तेव्हा फडक्याने पुसत बसण्यापेक्षा एसीची हवा काचेवर सोडायची, मिनिटात साफ. बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची म्हणजे समोरून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येतो. थांबायचंच झालं तर वळणावर नाही, रस्ता सोडून पूर्ण बाहेर. आणि साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर त्यात गाडी घालायची नाही, पाणी गढूळ असतं, खाली रस्ता आहे की वाहून गेलाय ते दिसत नाही, आणि गुडघाभर वाहतं पाणी सुद्धा छोटी गाडी उचलतं. तिथे थांबा, जवळच्या घरात जाऊन बसा. पाऊस थांबला की आमचे ओहोळ लवकर उतरतात.

घाटाबद्दल मी फोनवरच्या नकाशापेक्षा पायथ्याच्या चहावाल्यावर विश्वास ठेवते. दरड आली, झाड पडलं, एका बाजूची वाहतूक सोडतायत, हे त्याला वरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याकडून कळलेलं असतं. असा एक नंबर प्रत्येक घाटाचा ठेवावा.

पेट्रोलचं थोडक्यात. गोव्यात महाराष्ट्रापेक्षा पेट्रोल स्वस्त आहे हे पुण्याच्या आमच्या मंडळींना एवढं पक्कं माहीत आहे की ती आजऱ्यापासून काटा बघत बघत येतात, पत्रादेवी ओलांडून भरू म्हणून. आतेभावाची गाडी बांद्याच्या अलीकडे बंद पडली, आणि तिथे ह्यांनी म्हापशाहून कॅनमध्ये नेलेलं पेट्रोल, जाण्या-येण्याचा खर्च धरून, त्यांना पुण्यापेक्षा महाग पडलं. आतेभावाने तो हिशोब स्वतःच कागदावर मांडून सगळ्यांना दाखवला. आणि भाड्याची स्कूटर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पणजीच्या अटल सेतूवर दुचाकी चालत नाही, खालचा पूल धरायचा.

आणि कुंदा. मागच्या पावसात चोर्ला बंद होता म्हणून नणंद आणि भाऊजी आंबोलीवरून आले. येताना बेळगावचा कुंदा, ती दुधाची मिठाई, तोही भरपूर, कारण आमच्याकडे त्यावर भांडणं होतात. धबधब्यापाशी कणीस खायला थांबले, मागची काच चार बोटं उघडी. आंबोलीची माकडं वर्षानुवर्षं पर्यटकांनी खायला घालून बिघडवलेली आहेत, त्यात त्यांचा दोष नाही, कृपा करून घालू नका. एक माकड काचेवर बसलं, आत हात घातला, आणि मागच्या शेल्फवरून बरोबर कुंद्याचा खोका काढला. चिप्सचं पाकीट शेजारीच होतं, त्याला हात लावला नाही. कठड्यावर बसून त्याने दोरा सोडला, झाकण उघडलं, एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. भाऊजी शपथेवर सांगतात, डोळे मिटले. मग त्याच्या पिल्लाने घेतला. नणंद रागाने निघाली होती पण ते पिल्लू दोन्ही हातांनी कुंदा धरून खाताना बघून तिचा राग गेला, आणि भाऊजींनी तेवढ्यात दुसरा खोका सीटखाली ढकलला म्हणून आमच्यापर्यंत काहीतरी पोचलं.

ह्या चतुर्थीला ती सगळी परत येतायत. चोर्ला चालू आहे, केरीच्या चहावाल्याला कालच फोन केला होता. त्यांना मी सांगितलंय, सकाळी लवकर निघा, अंधार पडायच्या आत घाट उतरा, आणि कुंदा डिकीत ठेवा.